मुक्काम वाढवायचा, पण कोणत्या वाटेने?

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

आपल्याकडे घरी आलेल्या पाहुण्याला ‘किती दिवस मुक्काम?’ असे विचारणे शिष्टसंमत नाही. विचारायचेच झाले तर परतीच्या गाडीचे रिझर्वेशन मिळाले का, अशी आडवळणाने चौकशी करतात. अमेरिका या बाबतीत अगदी सरळ आहे. विमानतळावर उतरल्या उतरल्या काउंटरमागचा अधिकारी तोंडावर विचारतो आणि उत्तर ऐकून एक तारीख नोंदवतो. त्या तारखेपर्यंत पाहुण्याने निघायचे, किंवा ती उलटण्यापूर्वी अधिक राहण्याची परवानगी मागायची. प्रस्तुत लेख ही परवानगी मागण्याविषयी आहे. असला रुक्ष विषय वार्षिकात कशाला, असे संपादक मंडळातल्या एका मित्राने विचारले. मी त्याला म्हटले, ‘आपल्या वर्गात किती जणांचे कोणी ना कोणी तिकडे आहे ते मोजून ये, मग बोलू.’ त्याने मोजले नाही, पण लेख घेतला.

मला हा विषय पुस्तकातून नव्हे, मावशीमुळे कळला. मावशी आणि काका २ जून २०२३ रोजी न्यू जर्सीला माझ्या मावसबहिणीकडे गेले. ताईचे बाळंतपण ऑगस्टमध्ये होते आणि ते नीट पार पडले. पण पुढे तिच्या प्रकृतीची तक्रार सुरू झाली, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऑपरेशन करायचे ठरले. त्यानंतर सहा आठवडे वजन उचलायचे नाही. घरात तीन महिन्यांचे मूल आणि वजन उचलायचे नाही! मावशीने जाहीर केले, की पोरगी हिंडूफिरू लागेपर्यंत मी हलणार नाही. यात कोणाला काही अडचण दिसली नाही, कारण दोघांच्या पासपोर्टावर व्हिसा होता दहा वर्षांचा, २०३१ पर्यंतचा. आमच्या गावात ज्या गृहस्थांनी पैसे घेऊन अर्ज भरून दिले होते, त्यांनीही सांगितले होते, ‘आता दहा वर्षं बघायला नको.’

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. तिथल्या मराठी मंडळींनी फराळासाठी एक हॉल घेतला होता. एका वयस्क गृहस्थांनी हातातली चकली मोडत काकांना सहज विचारले, ‘तुमचं चौऱ्याण्णव कधीपर्यंत आहे?’ काकांना वाटले, हे कोणाच्या तरी वयाची चौकशी करताहेत. खुलासा झाल्यावर भावोजींनी तिथल्या तिथे फोनवर नोंद काढून पाहिली. तारीख होती १ डिसेंबर २०२३. म्हणजे हाती एकोणीस दिवस.

ही काय भानगड आहे, ते आधी सांगतो. व्हिसा आणि मुक्काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत हीच सर्व घोटाळ्यांची जननी आहे. आपल्या कॉलेजच्या वाचनालयाचे उदाहरण घ्या. सभासदत्व वर्षाचे असते, पण पुस्तक परत करण्याची तारीख त्या पुस्तकात चिकटवलेल्या चिठ्ठीवर शिक्का मारून दिलेली असते. सभासदत्व पुढच्या मेपर्यंत आहे म्हणून ऑगस्टमध्ये नेलेले पुस्तक मेपर्यंत ठेवता येत नाही. (ग्रंथपालांशी या मुद्द्यावर वाद घालून पाहिलेला आहे.) व्हिसा म्हणजे सभासदत्व. तो अमेरिकेचे परराष्ट्र खाते देते. आपल्या भागातल्या लोकांना तो मुंबईच्या वकिलातीतून मिळतो. ही वकिलात २०११ च्या नोव्हेंबरपर्यंत ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये होती, आता वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. त्या व्हिसाचा अर्थ एवढाच, की अमुक वर्षांपर्यंत तुम्ही आमच्या दाराशी येऊन बेल वाजवू शकता. आत घ्यायचे की नाही आणि किती दिवस, हे दारावरचा माणूस ठरवतो. तो असतो वेगळ्या खात्याचा, सीमाशुल्क आणि सीमासंरक्षणाच्या. तो जी नोंद करतो तिचे नाव आय-९४. पूर्वी हे एक पांढरे कार्ड असे आणि ते पासपोर्टात टाचून देत, त्यामुळे निदान डोळ्यांना दिसे. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांची ही नोंद संगणकावरच होते. ती सरकारी संकेतस्थळावर जाऊन स्वतः पाहावी लागते. कागद गेला आणि आठवणही गेली, असे पुष्कळांचे झाले आहे.

पर्यटनाच्या किंवा नातलगांना भेटण्याच्या व्हिसाला बी-२ म्हणतात. त्यावर आलेल्याला साधारणपणे सहा महिने मिळतात. ‘साधारणपणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पासपोर्टाची मुदत मधेच संपत असेल, तर तेवढीच तारीख टाकून मिळू शकते. हा सापळा नोकरीवाल्यांनाही लागतो: कंपनीच्या कागदावर तीन वर्षे मंजूर असतात आणि विमानतळावरची नोंद पासपोर्ट संपतो त्या दिवसापर्यंतचीच असते. म्हणून कुठल्याही व्हिसावर गेलेल्या माणसाने पोचल्यानंतर पहिल्या दोन-चार दिवसांत ही नोंद उघडून पाहावी. नावाचे स्पेलिंगही पाहावे.

मनात आले, आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा व्हिसाचा प्रश्न नव्हता, सहा महिन्यांच्या तारखेचाही नव्हता. त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या, पुढे फिलाडेल्फियाला शिकल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. पण त्या काळातली दारे सर्वांना सताड उघडी होती असेही समजू नये. त्यांच्या आगमनाच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता. असो. मावशीकडे वळू.

त्या आठवड्यात त्यांची रात्र आणि आमची सकाळ अशी रोज फोनाफोनी चाले. भावोजी दवाखान्यात आणि नोकरीत अडकलेले, म्हणून खात्याच्या सूचना वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. सल्ला देणाऱ्यांची मात्र टंचाई नव्हती. चार जणांनी चार वाटा सुचवल्या, आणि गंमत अशी, की त्या चारही वाटा खऱ्या होत्या. फक्त त्या वेगवेगळ्या माणसांसाठी होत्या.

पहिला सल्ला, ‘राहा तशाच, कोण बघतंय?’ ही पाचवी वाट म्हणा, कारण ही वाटच नव्हे. तारीख उलटून एक दिवस जरी विनापरवाना राहिले तरी तो दहा वर्षांचा व्हिसा कायद्याने रद्द होतो. पुढच्या वेळी मायदेशी पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो. १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत राहून निघाले तर तीन वर्षे प्रवेशबंदी, आणि वर्ष किंवा त्याहून अधिक झाले तर दहा वर्षे. ही बंदी १९९६ च्या कायद्याने आली आणि १ एप्रिल १९९७ पासून लागू आहे. ‘कोण बघतंय’ याचे उत्तर असे, की राहत असताना बहुधा कोणी बघत नाही. परत जायच्या वेळी आणि पुन्हा यायच्या वेळी संगणक बघतो. मावशीच्या बाबतीत याचा अर्थ होता, की एका नातवाच्या दुपट्यांपायी पुढची सगळी बारशी हुकणार.

दुसरा सल्ला, ‘परत या आणि महिन्याभराने पुन्हा जा.’ हा सल्ला वाटतो तितका वाईट नाही. ज्याला घाई नाही त्याने हेच करावे असे माझे मत झाले आहे. व्हिसा शिल्लक असतो, अर्ज नाही, शुल्क नाही, आणि वेळेवर परतल्याची नोंद होते ती वेगळीच. मात्र तिकिटाचा खर्च दुप्पट होतो. शिवाय महिन्याभरात पुन्हा दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे अधिकारी संशयाने पाहू शकतो, की ही बाई भेटायला येते की राहायला? वर्षातून सहाच महिने राहता येते असा काही लिखित नियम नाही. पण पाहुण्याचे खरे घर कुठे आहे हे तो अधिकारी पाहतो, आणि त्याला पटले नाही तर कमी मुदत देऊ शकतो किंवा परतही पाठवू शकतो. मावशीला तर डिसेंबर आणि जानेवारी याच दोन महिन्यांची गरज होती. ऑपरेशन झाल्याच्या आठवड्यात विमानात बसून पुण्याला येण्यात अर्थ नव्हता.

तिसरा सल्ला, ‘ग्रीन कार्डच करून टाका.’ हा सल्ला देणाऱ्याच्या आईचे तसे झाले होते, म्हणून तो छातीठोकपणे सांगत होता. त्याचे खरेही होते, कारण तो स्वतः अमेरिकन नागरिक आहे. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाला आईवडिलांसाठी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो आणि त्यात वार्षिक संख्येची मर्यादा आड येत नाही. आईवडील रीतसर तपासणी होऊन आत आलेले असतील तर तो अर्ज तिथे राहूनच करता येतो. पण मुलाकडे नुसते ग्रीन कार्ड असेल तर त्याला आईवडिलांसाठी हा अर्ज करता येत नाही. आणि ताईकडे तर तेही नाही, ती नोकरीच्या व्हिसावर आहे. तेव्हा दार बंद. उघडे असते तरी मी दोन गोष्टी विचारल्या असत्या. एक, अर्ज प्रलंबित असताना आगाऊ परवानगीशिवाय देशाबाहेर पडले तर तो अर्ज सोडून दिला असे धरतात. इकडे कोणाचे बरेवाईट झाले तर काय करणार? आणि दुसरी, मावशीला खरोखर तिथे राहायचे आहे का? ग्रीन कार्ड हे वारंवार ये-जा करण्याची सोय म्हणून नसते; जो तिथे घर करणार आहे त्याच्यासाठी असते. ‘मी विमानतळावर भेटायला आले असे सांगायचे आणि मनात कायम राहण्याचा बेत ठेवायचा’ असे कोणी केले, तर ते खोटे बोलणे ठरते, आणि ते बालंट मुदत उलटण्यापेक्षाही वाईट. आल्यापासून ९० दिवसांच्या आत माणूस सांगितलेल्या हेतूशी विसंगत वागला तर त्याने मुळातच खोटे सांगितले असे धरून चालण्याची मुभा परराष्ट्र खात्याच्या नियमावलीने २०१७ पासून आपल्या अधिकाऱ्यांना दिलेली आहे.

चौथा सल्ला सर्वांत मजेदार होता. ‘मावशींचं नाव एखाद्या इंग्रजीच्या वर्गात घाला, विद्यार्थी म्हणून राहता येईल.’ त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा कॉलेजात जाण्याच्या कल्पनेने मावशी क्षणभर खूशही झाली. याला दर्जा बदलणे म्हणतात. पाहुणा म्हणून आलेल्याला विद्यार्थी होण्यासाठी तिथूनच अर्ज करता येतो हे खरे. पण मंजुरी हाती येईपर्यंत वर्गात बसायचे नाही. बसला तर नियमभंग झाला आणि अर्ज बुडाला. शिवाय दर्जा बदलला म्हणजे व्हिसा मिळाला असे नव्हे. सुट्टीत एकदा घरी आले, की परत जाण्यासाठी मुंबईच्या वकिलातीत विद्यार्थ्याचा व्हिसा मागावा लागतो, आणि तिथला अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, ‘पर्यटक म्हणून गेलात ते शिकायला कसे लागलात?’ आमच्याच कॉलेजातल्या काही मित्रांच्या डोक्यात ‘टूरिस्टवर जाऊ आणि तिथेच बघू’ असे आहे, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिले. शिकायचेच आहे तर इथूनच शिकण्याचा व्हिसा घेऊन जावे.

उरली ती साधी वाट, मुदतवाढीची: हेतू तोच, फक्त दिवस अधिक. मावशीचा हेतू बदललेला नव्हता. ती लेकीला भेटायला आली होती, तिचे करायला थांबत होती, आणि नंतर आपल्या घरी परतणार होती. एवढे स्पष्ट झाल्यावर बाकीच्या वाटा आपोआप गळाल्या. माझ्या मते सुरुवातच इथून करायला हवी होती. आम्ही चार दिवस फॉर्म शोधत बसलो. खरे तर ‘तुला का थांबायचंय आणि मग काय करणार आहेस?’ हा प्रश्न मावशीला विचारायला हवा होता. वाट कारणावरून ठरते. कारण सोडून सोय पाहिली, की माणूस दुसऱ्याच्या वाटेने चालू लागतो आणि मधेच अडकतो.

या अर्जाचे नाव आय-५३९. तो नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा खात्याकडे जातो, म्हणजे हे तिसरे खाते. एका वेळी जास्तीत जास्त सहा महिन्यांची वाढ मागता येते. एप्रिल २०२४ मध्ये ठरलेले शुल्क संगणकावरून भरल्यास ४२० डॉलर आणि कागदावर भरल्यास ४७० डॉलर असे आहे. मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा असे खाते सुचवते. हा सल्ला आहे, अट नाही. अट एवढीच, की मुदत संपण्याच्या आत अर्ज खात्याच्या हाती पडला पाहिजे. आमचे ४५ दिवस केव्हाच उलटून गेले होते.

इथे काकांनी एक निर्णय घेतला आणि तो योग्य होता असे आता वाटते. ते म्हणाले, ‘मी ठरल्याप्रमाणे परत जातो. माझं इथे काय काम आहे?’ काकांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या आवक-जावक विभागात गेली. मुदत या शब्दाविषयी त्यांच्या मनात देवाइतका आदर आहे. शिवाय नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता. तो मोबाइलवरूनही देता येतो असे मी सांगून पाहिले. ‘मी जिवंत आहे हे त्या यंत्राला काय कळणार?’ असे म्हणून त्यांनी विषय संपवला. पण त्यांच्या जाण्याने मावशीच्या अर्जाला बळ आले. नवरा घरी आहे, घर पुण्यात आहे, निवृत्तिवेतन इथल्या बँकेत येते. म्हणजे ही बाई परतणार, हे सांगायला वेगळा पुरावा लागेना.

अर्जासोबत पत्र जोडायचे होते. ते लिहिण्याचे काम अर्थातच कला शाखेच्या विद्यार्थ्याकडे आले. मी दोन पाने लिहिली. त्यात मातृहृदय होते, सातासमुद्रांपलीकडची लेक होती, आणि शेवटी भारतीय कुटुंबसंस्थेवर एक परिच्छेद होता. भावोजींनी ते वाचून एवढेच विचारले, ‘ऑपरेशनची तारीख कुठे आहे?’ ती नव्हती. मग जे पत्र गेले ते बारा ओळींचे होते: कधी आले, मुदत कधी संपते, ऑपरेशन कोणत्या तारखेला, डॉक्टरांनी किती आठवडे सांगितले, म्हणून २९ फेब्रुवारी २०२४ पर्यंत मुदत हवी, राहण्याजेवणाचा खर्च जावई करणार, परतीचे तिकीट अमुक दिवसाचे. सोबत डॉक्टरांचे पत्र, जावयाच्या बँकेचा उतारा, तिकीट, पुण्याच्या घराची कागदपत्रे आणि आय-९४ ची प्रत. सरळ सहा महिने मागण्याचा मोह होत होता. पण कारण अडीच-तीन महिन्यांचे असताना सहा मागितले, तर कारणावरचाच विश्वास उडतो.

आणखी एक गोष्ट आम्ही जवळजवळ विसरलो होतो. मावशीचा आरोग्य विमा पहिल्या सहा महिन्यांचाच होता. त्या देशात विम्याशिवाय आजारी पडणे परवडत नाही. मुदतीबरोबर विमाही वाढवावा लागतो, आणि तोही संपण्याआधी.

अर्ज १५ नोव्हेंबरला गेला. पोच लगेच आली. इथे दुसरा मोठा गैरसमज आहे, तो दूर केला पाहिजे. पोच म्हणजे मंजुरी नव्हे. पण मुदतीच्या आत, प्रामाणिक कारणाने अर्ज केला असेल आणि अर्जदाराने तिथे बेकायदा नोकरी केली नसेल, तर निर्णय होईपर्यंतचे दिवस बेकायदा मुक्काम म्हणून मोजत नाहीत. नकार आला तर मात्र दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते. तेव्हा पेटी भरून ठेवलेली बरी. मुदत उलटल्यावर केलेला अर्ज एरवी फेटाळतात. आवाक्याबाहेरचे असाधारण कारण असेल आणि उशीर त्या कारणापुरताच असेल, तरच खाते तो माफ करू शकते. ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे असाधारण कारण नव्हे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्या गृहस्थांनी चकली मोडता मोडता विचारले नसते, तर आमच्याकडे तेवढेच कारण होते.

ताईचे ऑपरेशन झाले. मावशीने बाळाला सांभाळले, बर्फ पाहिले, आणि रोज सकाळी भावोजींना ‘कागद आला का?’ असे विचारले. कागद आला नाही. निर्णयाला कित्येक महिने लागतात. मागितलेली मुदतसुद्धा संपून जाते आणि निर्णय तसाच राहतो, असेही होते. मावशी १७ फेब्रुवारीला परत निघाली, म्हणजे मागितलेल्या तारखेच्या आत. अशा वेळी पोच आणि परतीचा बोर्डिंग पास यांची किंमत निर्णयाइतकीच असते, कारण पुढच्या वेळी तेच दाखवायचे असतात.

आता आपल्यापैकी जे शिकायला जातील त्यांच्याविषयी. विद्यार्थ्याच्या एफ-१ व्हिसावर गेलेल्यांच्या आय-९४ वर पूर्वापार तारीख नसे. तारखेच्या जागी ‘डी/एस’ ही अक्षरे असत, म्हणजे शिक्षण चालू आहे तोवर मुक्काम. ही पद्धत बंद करून निश्चित मुदत, ती जास्तीत जास्त चार वर्षांची, द्यावी असा प्रस्ताव अमेरिकन सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला. तेव्हा आधी गेलेल्या मित्राचे ऐकून स्वस्थ बसू नये, स्वतःच्या नोंदीवर अक्षरे आहेत की तारीख ते पाहावे. विद्यार्थ्याचा दुसरा महत्त्वाचा कागद म्हणजे विद्यापीठ देते तो आय-२०. त्यावर अभ्यासक्रम संपण्याची तारीख असते. शिक्षण लांबणार असेल तर ती तारीख येण्याआधी विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याकडे जावे लागते. संशोधनाचा विषय बदलावा लागला, आजारपण आले, अशी कारणे चालतात. नापास झालो म्हणून वर्ष लांबले, हे चालत नाही. इकडे एटीकेटी लागल्यावर आपण जितके निर्धास्त असतो, तितके तिकडे राहता येत नाही.

पदवीनंतर नोकरीचा अनुभव घेण्यासाठी बारा महिने मिळतात, त्याला ओ.पी.टी. म्हणतात. त्याचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. विद्यापीठाने शिफारस नोंदवली, की तीस दिवसांत तो खात्याकडे पोचावा लागतो. या बारा महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त काळ बेकार राहून चालत नाही. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या पदवीधरांना आणखी २४ महिने मिळतात, ही सवलत २०१६ पासूनची. आपल्या शाखेच्या मुलांनी हे नीट ध्यानात घ्यावे: इतिहास, राज्यशास्त्र किंवा साहित्य यांना ती लागू नाही. अर्थशास्त्रात मात्र एक खुबी आहे. साधे अर्थशास्त्र त्या यादीत नाही, पण गणिती पद्धतीचे अर्थशास्त्र म्हणून नोंदलेली पदवी त्या यादीत आहे. दोन विद्यापीठांतला अभ्यासक्रम जवळजवळ सारखा, पण नोंदीचा सांकेतिक क्रमांक वेगळा, आणि त्यावरून एकाला एक वर्ष आणि दुसऱ्याला तीन. प्रवेश घेतानाच हा क्रमांक विचारावा. नंतर विचारून उपयोग नसतो.

नोकरीच्या एच-१बी व्हिसाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात अर्ज कंपनी करते आणि माणसाने निवडण्यासारखे कमी असते. वर्षाला ६५,००० जागा आणि तिथेच उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. मुदत तीन अधिक तीन अशी सहा वर्षे. ग्रीन कार्डाचे काम ठरावीक टप्प्यावर पोचले असेल तर २००० सालच्या कायद्याने त्यापुढेही वाढ मिळते. भारतीयांची रांग लांब असल्यामुळे ताई-भावोजींसारखे असंख्य लोक याच वाढीवर राहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावल्याचे जाहीर झाले तेव्हा भावोजींच्या घरी दोन रात्री कोणी झोपले नाही. ऑक्टोबरमध्ये खात्याने खुलासा केला, की आधीपासून देशात राहून मुदतवाढ किंवा दर्जाबदल मागणाऱ्यांना ही रक्कम लागू नाही. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेही मूळ मुदत तितकी शिल्लक असेल तर. त्या अवधीत नवी कंपनी, जोडीदाराच्या व्हिसावर आश्रिताचा दर्जा, थोड्या काळासाठी पाहुण्याचा दर्जा किंवा परतीचे तिकीट, यांतले काहीतरी ठरवावे लागते. पाहुण्याचा दर्जा मागणारा अर्ज तोच, मावशीचा आय-५३९.

वकील करावा का, असे बरेच जण विचारतात. मावशीच्या अर्जाला आम्ही केला नाही आणि अडले नाही. पण तारीख उलटून गेली असेल, पूर्वी कधी नकार आला असेल, पोलिसांत काही नोंद असेल किंवा ग्रीन कार्डाचा विचार असेल, तर तिथल्या परवानाधारक वकिलालाच विचारावे. गावातल्या फॉर्म भरून देणाऱ्याला विचारू नये. आमच्या त्या गृहस्थांना नंतर मी भेटलो. त्यांना व्हिसा आणि मुक्काम यांतला फरक समजावून सांगितला. ते शांतपणे म्हणाले, ‘आम्ही फक्त जायचं बघतो.’

मावशी जून २०२५ मध्ये पुन्हा गेली. न्यूअर्कच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पडद्याकडे पाहत विचारले, की मागच्या वेळी आठ महिने कशा राहिलात? मावशीचे इंग्रजी बेताचे. तिने काही न बोलता पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढून पोच, ताईच्या डॉक्टरांचे पत्र आणि परतीचा बोर्डिंग पास असे तीन कागद त्याच्यापुढे मांडले. काकांनी त्यांवर लाल शाईने आवक क्रमांक घातले होते. त्याने ते पाहिले, परत दिले आणि सहा महिन्यांची तारीख टाकली. घरी पोचल्यावर तिने नातवाला घेण्याआधी जावयाला फोनवर ती नोंद काढायला लावली, आणि ताईच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या तारखेभोवती पेनाने गोल काढला. मग त्याच्या ४५ दिवस मागे मोजून दुसरा.